जुन्या मोटारीस नवें एंजिन

आमच्या उपनगरांत, मग तें अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो वा घाटकोपर असो, जुन्या इमारतींच्या आवारांत झाडाखालीं धूळ खात उभी असलेली फियाट किंवा पद्मिनी मोटार अजूनहि कोठें कोठें दृष्टीस पडते. चाकांतील हवा गेलेली, अंगावर फाटकें आच्छादन, आणि आच्छादनाखालून गंजाचे डाग डोकावीत आहेत, असें तिचें रूप असतें. ती आजोबांनीं हौसेनें घेतलेली असते, वडील तींतून शाळेंत गेलेले असतात, आणि म्हणून ती भंगारांत घालणें घरांतील कोणाच्याहि जिवावर येतें. मग तरुण मंडळींपैकीं कोणी तरी सुचवितो कीं, हिच्यांत नव्या गाडीचें एंजिन बसवावें. म्हणजे रूप जुनें राहील आणि दम नवा येईल. ही सूचना ऐकावयास फार गोड लागते. ती कितपत शहाणपणाची आहे, याचा विचार मात्र फारच थोडे लोक करतात. म्हणून हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आमचें मत आरंभींच सांगून टाकणें बरें. एंजिन बदलणें म्हणजे गाडीचा एक भाग बदलणें, ही जी सर्वसाधारण समजूत आहे, तीच मुळीं चुकीची आहे. एंजिन बदललें कीं त्याच्याशीं जोडलेलें सर्व कांहीं बदलणें भाग पडतें. जो एंजिन तेवढें बदलतो आणि बाकीचें आहे तसेंच ठेवतो, तो स्वतःस तर धोक्यांत घालतोच, पण रस्त्यावरून चालणाऱ्या ज्या परक्या माणसांनीं त्याचें कांहींएक वाईट केलेलें नाहीं, त्यांसहि धोक्यांत घालतो.

ज्या मोटारीविषयीं आम्ही लिहीत आहों ती आमच्या उपनगराचीच लेक म्हटली पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिचा कारखाना घाटकोपरच्या शेजारीं कुर्ल्यास उभा राहिला. इटलींतील फियाट कंपनीची ११०० या जातीची गाडी पुढें तेथें तयार होऊं लागली. १९६४ सालापासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नांवानें, आणि १९७४ सालापासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें तिनें मध्यम स्थितींतील कुटुंबांत प्रवेश मिळविला. चालू शतकाच्या आरंभाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असें समीकरण मुंबईंत कित्येक वर्षें होतें. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली होती; मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीहि रस्त्यावरून उतरली. आतां ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या खासगी मालकांच्या होत. आणि म्हणून त्यांचें काय करावें, हा प्रश्न आमच्या घराघरांतला झाला आहे.

या गाडीची मूळ आखणी इटलींत १९५३ सालीं झालेली. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें, आणि सुमारें चाळीस अश्वशक्तीचें. पेट्रोल कार्बुरेटरमधून हवेंत मिसळतें. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या चाकाखालीं असतो. एंजिनाची शक्ति एका लांब दांड्यानें मागील चाकांस पोहोंचते. आणि चारहि चाकांचे ब्रेक ड्रमचे असतात. यांतील प्रत्येक भाग त्या चाळीस अश्वांस सांभाळण्यापुरता बनविलेला आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

नवें एंजिन बसवूं इच्छिणारांची बाजू प्रथम प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. ते म्हणतात, सकाळीं थंड एंजिन चालू करावयाचें तर चोक ओढून खटपट करावी लागते. साकीनाक्याच्या गर्दींत पाऊण तास अडकलें कीं रेडिएटरांतील पाणी उकळूं लागतें. कसाऱ्याच्या घाटांत मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवून हैराण करतात. धूर अधिक, पेट्रोल अधिक, आणि सुटे भाग मिळण्याची पंचाईत. कारखानाच राहिला नाहीं, तेव्हां दाद तरी कोणाकडे मागावयाची? याच्या उलट मारुतीच्या जिप्सी किंवा ईको गाडीचें वापरलेलें एंजिन कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत शोधल्यास सांपडूं शकतें. तें सत्तर-ऐंशी अश्वशक्ति देतें, किल्ली फिरवितांच चालू होतें, आणि त्याची दुरुस्ती जाणणारा मेस्त्री नाक्यानाक्यावर आहे. हें म्हणणें खोटें नाहीं. जुन्या गाडीवरील प्रेमापायीं तिचे दोष झांकणें हा आमचा हेतु नाहीं. प्रश्न एवढाच, कीं या दोषांवर सुचविलेलें औषध रोगापेक्षां भारी तर होत नाहीं ना?

पहिली अडचण एंजिनाच्या बैठकीची. हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींत एंजिन आडवें बसविलेलें असतें व तें पुढील चाकें फिरवितें. १९८३ सालीं आलेली मारुती ८०० ही याच पद्धतीची. पद्मिनींत एंजिन उभें, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनें असतें, व तें मागील चाकें फिरवितें. त्यामुळें वाटेल तें एंजिन उचलून तिच्यांत बसत नाहीं. जिप्सी, ओम्नी, ईको यांसारख्या, मागील चाकें फिरविणाऱ्या गाड्यांचींच एंजिनें शोधावीं लागतात. तें मिळालें तरी त्याचें तेलपात्र पुढील आडव्या तुळईवर आदळतें, सायलेन्सरची नळी स्टिअरिंगच्या आड येते, आणि एंजिन धरून ठेवणारे रबरी टेकू, ज्यांस मेस्त्री लोक ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते नव्या जागीं वेल्ड करून घ्यावे लागतात.

येथें एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पद्मिनीस ट्रकप्रमाणें निराळी लोखंडी चेसिस नाहीं. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. आणि आमच्या उपनगरांची हवा कशी? एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि वर्षांतून चार महिने पाऊस. बाहेरून रंग झळकत असलेल्या गाडीचा तळ पायाच्या अंगठ्यानें दाबला तरी आंत जातो, असें पुष्कळ वेळां आढळून येतें. अशा पोखरलेल्या पत्र्यावर केलेलें वेल्डिंग रंगाखालीं झांकलें जातें. परंतु अधिक जोराच्या एंजिनाचा हिसका व खड्ड्यांचे धक्के एकदम बसूं लागले कीं तें उकलतें, आणि तें रस्त्यावर उकलतें, गॅरेजमध्यें नव्हे.

दुसरी अडचण गिअर बॉक्सची. एका कंपनीच्या एंजिनाचें तोंड दुसऱ्या कंपनीच्या गिअर बॉक्सशीं जुळत नाहीं. दोहोंच्या मध्यें जाड धातूची चकती कातून बसवावी लागते, आणि एंजिनाचा दांडा व गिअर बॉक्सचा दांडा हे केंसभरहि इकडे तिकडे न होतां एका रेषेंत आणावे लागतात. तसें न झाल्यास क्लच व बेअरिंगें लवकरच खराब होतात. हा त्रास टाळण्यासाठीं नव्या एंजिनाबरोबर त्याचा गिअर बॉक्सहि घेतला, तर गिअरचा दांडा स्टिअरिंगखालून जमिनीवर येतो, त्यासाठीं तळाचा पत्रा कापावा लागतो, मागील चाकांकडे जाणारा दांडा कापून पुनः तोलावा लागतो, आणि मागील धुरींतील दात्यांचें प्रमाण नव्या एंजिनास मानवतें कीं नाहीं, हा प्रश्न शिल्लक राहतोच. वेगदर्शक कांटा मग खरा वेग दाखवील याचीहि खात्री नाहीं.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. ती ब्रेकची होय. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी पदार्थविज्ञानांत शिकतात कीं, चालत्या वस्तूची गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. तें सूत्र परीक्षेपुरतें पाठ न करतां येथें लावून पाहावें. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ताशीं नव्वद किलोमीटर वेगानें जाऊं लागली, तर वेग दीडपट होतो, पण थांबवितांना ब्रेकनें जिरवावयाची ऊर्जा सव्वादोन पट होते. ही सारी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्यें उष्णता होऊन उतरते. ड्रम बंद असल्यामुळें ती लवकर बाहेर पडत नाहीं. दोन-तीन वेळां जोरानें ब्रेक लावले कीं त्यांची पकड ढिली होते. पद्मिनीचें जुनें एंजिन चालकास नकळत एक शिस्त लावीत असे: तें फार धांवतच नसे, म्हणून तिचे ब्रेक पुरत असत. नवें एंजिन ती शिस्त मोडतें. पश्चिम द्रुतगती महामार्गावर बोरिवलीकडे जातांना रस्ता मोकळा दिसला कीं तरुण चालकाचा पाय दाबला जाणारच. आणि पुढें एखादी रिक्षा अचानक वळली, किंवा कोणी बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडूं लागली, कीं मग ऐंशी अश्वांस आवरण्याचें काम चाळीस अश्वांच्या लगामावर येऊन पडतें. टायर अरुंद, स्टिअरिंग सैल, मागील पाटे मऊ, आणि बसणारांस पट्टे नाहींत किंवा नांवाला आहेत. अशा गाडीचा दम वाढविणें म्हणजे म्हाताऱ्या बैलास शर्यतींत पळविण्यासारखें आहे.

चौथी अडचण विजेची व पेट्रोलची. नव्या एंजिनास कार्बुरेटर नसतो. त्याचा कारभार एका लहानशा संगणकाकडे असतो. हवा किती आली, पाणी किती तापलें, दांडा किती फिरला, धुरांत प्राणवायु किती उरला, ही सर्व माहिती त्यास निरनिराळ्या संवेदकांकडून पोहोंचत असते. त्यांपैकीं एक तार सैल झाली तरी एंजिन अडखळतें. शिवाय पेट्रोल दाबानें पुरविणारा विजेचा पंप लागतो. आणि जुन्या टांकींतील गंजाचे कण त्या पंपास व इंजेक्टरांच्या सूक्ष्म छिद्रांस चोंदवून टाकतात. म्हणून टांकी बदला, नळ्या बदला, सर्व तारा नव्या ओढा, रेडिएटर मोठा करा, असें एकामागून एक काम निघत जातें. आरंभीं ठरलेली रक्कम केव्हांच मागें पडते, आणि ‘चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण मालकास स्वतःच्या अनुभवानें कळून येते. कित्येक गाड्या तर अर्धवट सोडविलेल्या स्थितींतच वर्षानुवर्षें पडून राहतात; जुनें एंजिन विकलें गेलेलें असतें व नवें चालूं झालेलें नसतें.

कोणी विचारील कीं, कारखानदारांनींहि जुन्या गाड्यांत नवीं एंजिनें बसविलींच ना? होय, बसविलीं, आणि त्यांचा दाखला आमच्याच मतास पुष्टि देतो. खुद्द प्रीमियर कंपनीनें १९८५ च्या सुमारास ‘११८ एन. ई.’ ही गाडी काढली. तिचा सांगाडा फियाट १२४ या जुन्या गाडीचा, आणि एंजिन जपानच्या निसान कंपनीच्या बनावटीचें, ११७१ घन सेंटिमीटरांचें. परंतु कंपनीनें एंजिन तेवढें आणलें नाहीं. त्याबरोबर निसानचा गिअर बॉक्सहि आणला. हिंदुस्तान मोटर्सनें १९९२ मध्यें अँबॅसडरला इसुझूचें १८०० घन सेंटिमीटरांचें एंजिन दिलें, तेव्हां त्यासोबत पांच गतींचा गिअर बॉक्स दिला, आणि पुढील चाकांस डिस्कचे ब्रेकहि आले. पद्मिनीसहि पुढें इटालियन बनावटीचें सुमारें १.४ लिटरचें डिझेल एंजिन देऊन ‘१३७ डी’ ही गाडी निघाली. पण तें एंजिन शर्यतीसाठीं नव्हतें, इंधनाचा खर्च वांचविण्यासाठीं होतें. या कंपन्यांपाशीं आराखडे होते, यंत्रशाळा होत्या, चांचणीसाठीं गाड्या होत्या, आणि शेवटीं सरकारची मान्यता घेतल्यावांचून त्यांस एकहि गाडी विकतां येत नव्हती. नाक्यावरील मेस्त्री कितीहि कसबी असला तरी त्याच्यापाशीं यांपैकीं काय असतें? हातांतील कसब आणि चांचणी यांत जें अंतर आहे, तें अपघाताच्या वेळीं दिसून येतें.

आतां कायद्याचा विचार करूं. मोटारीच्या नोंदणीपुस्तकांत चेसिसचा क्रमांक, एंजिनाचा क्रमांक, त्याची क्षमता, व इंधनाचा प्रकार हे सर्व लिहिलेले असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, निर्मात्यानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपुस्तकाचा मेळ राहणार नाहीं असा फेरफार मालकानें वाहनांत करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मधील एका निकालांत या कलमाचा असाच कडक अर्थ लाविला आहे. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बेकायदा फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. त्याच जातीचें व त्याच बनावटीचें दुसरें एंजिन परवानगीनें बसविणें, किंवा मान्यताप्राप्त संच लावून इंधनाचा प्रकार बदलणें, यांस मुभा आहे. चालू शतकाच्या आरंभीं मुंबईच्या हजारों टॅक्सी नैसर्गिक वायूवर आल्या त्या याच दुसऱ्या मार्गानें. त्यांचें एंजिन तेंच राहिलें, इंधन तेवढें बदललें. परक्या गाडीचें एंजिन भंगारांतून आणून गुपचूप बसविणें हा मार्ग कायद्यांत कोठेंहि नाहीं. पालकांनीं यांतील व्यवहाराची बाजू नीट समजून घ्यावी: पुस्तकांत एक एंजिन आणि गाडींत दुसरें, अशा स्थितींत अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकूं शकते, आणि जखमी माणसाची भरपाई मालकाच्या संसारांतून निघते. तें एंजिन मुळांत चोरीच्या गाडीचें निघालें, तर पोलिसांपुढें उत्तर द्यावें लागतें तें वेगळेंच.

आणखी एक नुकसान हळूच होतें. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें जुन्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेलें, मूळ स्वरूपांत राखलेलें, आणि चेसिस, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहन या नियमांप्रमाणें ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येतें. अशी गाडी रोजच्या वापरासाठीं नसते. प्रदर्शन, मिरवणूक, अभ्यास अशा प्रसंगींच ती बाहेर काढतां येते. १९७४ सालच्या पहिल्या पद्मिनींनीं २०२४ मध्यें पन्नाशी ओलांडली. ज्या घरानें आपल्या गाडीचें मूळ एंजिन जपलें, त्या घरास हा मान मागण्याचा अधिकार आहे. ज्यानें तें विकून टाकलें, त्यानें तो स्वतःच्या हातानें घालविला.

परदेशांतील रीत पाहिली तर तीहि विचार करण्यासारखी आहे. ब्रिटनमध्यें फेरफार केलेल्या गाडीस तिचा मूळ क्रमांक ठेवतां यावा कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं पुष्कळ वर्षें एक गुणपद्धति वापरण्यांत येत असे. चेसिस किंवा सांगाडा मूळचा व अखंड असल्यास पांच गुण. स्टिअरिंग, धुरा, झटके सोसणारी योजना व गिअर बॉक्स यांस प्रत्येकीं दोन. आणि एंजिनास फक्त एक. आठ गुण मिळाले तर क्रमांक कायम. यावरून कोणी म्हणेल कीं, एंजिनाचें महत्त्व तें किती थोडें! परंतु हें कोष्टक जरा पुढें वाचावें. एंजिनापायीं सांगाडा कापला कीं पांच गुण गेले. गिअर बॉक्स बदलला कीं आणखी दोन गेले. एका गुणाची वस्तु बसविण्यासाठीं सात गुणांची वस्तु गमवावी लागते. एंजिन एकटें बदलत नाहीं, हें जें आम्हीं आरंभीं म्हटलें, तेंच यांत आंकड्यांनीं सांगितलें आहे.

मग त्या झाडाखालच्या गाड्यांचें करावें तरी काय? केवळ नकाराची भाषा बोलून थांबणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आमच्या मतें पहिला उपाय म्हणजे आहे तें एंजिन नीट करून घेणें. पद्मिनीचें एंजिन बिडाचें व साधें आहे. तें उतरवून सिलिंडर पुनः बोअर करतां येतात, मोठ्या मापाचे पिस्टन व नव्या रिंगा बसवितां येतात, क्रँक घासून नवीं बेअरिंगें घालतां येतात, व्हॉल्व्हच्या बैठकी नव्या करतां येतात. शिसें घातलेलें पेट्रोल २००० सालीं देशांतून बंद झालें, आणि आतां पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. म्हणून व्हॉल्व्हच्या बैठकी कठीण धातूच्या, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या. रेडिएटर स्वच्छ करून त्यास विजेचा पंखा जोडला तर गर्दींत पाणी उकळण्याची निम्मी तक्रार मिटते. यांत एकच नियम पाळावा: जें पुढें काढून मूळ स्थिति परत आणतां येईल, तेंच बसवावें, जें बसविण्यासाठीं पत्रा कापावा लागेल, तें बसवूं नये.

दुसरा उपाय, मूळ एंजिन फुटून निकामी झालें असल्यास, दुसऱ्या पद्मिनीचें एंजिन पावतीसह घेऊन, परिवहन कार्यालयाची परवानगी काढून, नवा क्रमांक पुस्तकांत चढवून घेणें. अंधेरी, बोरिवली व वडाळा येथील कार्यालयें आमच्या वाचकांस दूर नाहींत. तिसरा उपाय विजेचा. पुण्याच्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्थेनें तपासलेला व मान्य झालेला विजेचा संच बसविण्यास कायद्याची वाट मोकळी आहे, आणि धुराचा प्रश्नहि त्यानें सुटतो. परंतु बॅटरीचें वजन कोठें बसतें व ब्रेक तें सोसतात काय, हा जुना प्रश्न तेथेंहि विचारावाच लागतो. आणि जर सांगाडाच गंजून गेला असेल, तर मन घट्ट करून ती गाडी सरकारमान्य भंगार केंद्रास द्यावी, आणि तिचे चांगले भाग दुसऱ्या पद्मिनीच्या उपयोगीं पडूं द्यावे. मोह धरून कुजत ठेवण्यापेक्षां यांत तिचा अधिक मान आहे.

या सर्वांत आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते ती गाड्यांची नसून विद्येची. कार्बुरेटर कानानें ऐकून जुळविणारे, व्हॉल्व्हची फट पातळ पट्टीनें मोजून बसविणारे मेस्त्री आतां वृद्ध होत चालले आहेत. ज्या मुलांस यंत्रांची आवड आहे त्यांनीं सुटींत अशा एखाद्या मेस्त्रीजवळ बसून, त्याची परवानगी घेऊन, एक जुनें एंजिन उघडलेलें पाहावें. पुस्तकांतील चार आघातांचें चक्र तेथें हातानें फिरवून पाहतां येतें. नव्या एंजिनावरील झांकण काढलें तरी तें इतकें उघड दिसत नाहीं. जुनें एंजिन उपटून टाकणें दोन दिवसांचें काम आहे. तें समजून घेणें वर्षांचें काम आहे, आणि त्यांतूनच उद्यांचा चांगला यंत्रज्ञ निर्माण होतो.

नव्याचा आम्ही द्वेष करीत नाहीं. नवी गाडी घ्यावयाची असेल तर खुशाल नवी घ्यावी; तिचें एंजिन, ब्रेक व सांगाडा हे एकमेकांस ओळखून बनविलेले असतात. जुनी ठेवावयाची असेल तर जुनी म्हणून ठेवावी, आणि तिच्या चालीनें चालावें. घाटकोपरहून मुलुंडास पोहोंचावयास तिला दहा मिनिटें अधिक लागतील. तीं दहा मिनिटें देण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें जुन्या गाडीची हौस धरूं नये. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलानें नव्या एंजिनाची गोष्ट काढली तर त्यास रागें भरूं नये, आणि लगेच होकारहि देऊं नये. त्यास प्रथम एवढेंच विचारावें कीं, "बाळ, ही गाडी थांबेल कशी?" या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांनिशीं कागदावर लिहून आणतांना तो जें शिकेल, तें कोणत्याहि एंजिनापेक्षां अधिक दिवस त्याच्या उपयोगीं पडेल.